कोटांच्या कोपऱ्यातला दिवा

लग्नांचे फोटो काढून काढून ग्लेन्डाच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती, आणि त्यात त्या नोव्हेंबरात तिच्या दिव्यांनीही राम म्हटला. दोन्ही फ्लॅश एकाच आठवड्यात गेले. दुरुस्तीवाल्याने ते उघडून पाहिले, मान हलवली आणि पिशवीत घालून परत दिले. शनिवारी नॉर्बर्टच्या मुलीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं, आणि तेही चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये.

तो हॉल म्हणजे फोटोग्राफरला शिक्षाच. ठेंगणं छत आणि भिंतींना तपकिरी लाकडाच्या फळ्या. दुसरीकडे फ्लॅश छताकडे वळवला की उजेड मऊ होऊन खाली येतो. इथे तो चहाच्या रंगाचा होऊन येतो, आणि नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यावरून सरळ मारावा तर चेहरे ताटल्यांसारखे चपटे. इलाज एकच होता. दिवे कॅमेऱ्यापासून लांब, नाचाच्या जागेच्या कोपऱ्यांत उभे करायचे. मग चेहऱ्याला एक बाजू उजेडाची, एक सावलीची मिळते, आणि माणूस माणसासारखा दिसतो.

पण दिवे घ्यायचे कुठले? सतत जळणारे एलईडी स्वस्त होते, पण ते डोळ्यांत गेले की नाचणारी माणसं कपाळाला हात लावतात. मोठ्या कंपनीचे फ्लॅश घ्यायची तिची छाती होईना, कारण हा मोसम संपला की धंदा बंद, असं ती दरवर्षी म्हणत होती. स्वस्तातले नवे मागवावेत तर शनिवारपर्यंत येतील याची खात्री कोण देणार? ग्लेन्डा कंटाळली होती. तिला निवडच करायची नव्हती, तिला झोपायचं होतं. अशात कुणीतरी अलॉयस प्रिबिलचं नाव सांगितलं. विस्कॉन्सिनच्या त्या भागातली निम्मी लग्नं एके काळी त्यानेच टिपली होती, आणि आता तो सगळं सामान काढून टाकत होता.

क्रॅनबेरीच्या पाणथळ शेतांच्या पलीकडे त्याचं घर होतं. खोकं त्याने आधीच बाहेर ओसरीवर आणून ठेवलं होतं, घरात बोलावलंच नाही. म्हाताऱ्याचे डोळे रात्रपाळी करून आल्यासारखे लाल होते.

"चांगले आहेत. जपून वापरलेले," तो म्हणाला. "एकच ऐक माझं. रिमोटवर चालव. डोळा चालू करू नकोस."

डोळा म्हणजे फ्लॅशच्या पुढच्या बाजूची लाल काच. ती चालू केली की आसपास दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला तिला दिसतो, आणि आपला दिवाही त्याच क्षणी उडतो.

"का? बिघडलाय का?"

"बिघडला नाही गं. फार बघतो."

ग्लेन्डाला हसू आलं. म्हातारा मात्र हसला नाही. खोक्याकडे बघत म्हणाला, "आम्ही स्टँड कधी घेतलाच नाही. माझी ल्युसिल दिवा हातात धरून उभी राहायची. म्हणायची, स्टँडला काय कळतंय, हनुवटी कधी वर करायला सांगायची ते. जाऊन खूप वर्षं झाली तिला. हात दुखायचा बिचारीचा... पण खाली ठेवायची नाही."

त्याने इतके कमी पैसे घेतले की ग्लेन्डालाच कसंसं झालं. गाडी वळवताना तिने आरशात पाहिलं, तर तो ओसरीवर उभा राहून हात हलवत होता. तिच्याकडे नाही, गाडीच्या मागच्या सीटकडे.

शनिवारी अंधार लवकर पडला. हॉलमध्ये कोंबडीचा, उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास भरला होता. अर्धे पुरुष कुरकुरत होते. "हरणांच्या शिकारीच्या मोसमात लग्न कोण काढतं रे?" नवरीचा मामा ब्रँडीचा पेला हलवत म्हणाला, आणि बायकोने डोळे वटारल्यावर गप्प झाला. कारण तसं सगळ्यांनाच ठाऊक होतं. नॉर्बर्ट वसंतापर्यंत थांबणारा नव्हता. तो नाकात नळी घालून भिंतीशी बसला होता, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं, त्यातून सूं... सूं... असा बारीक आवाज येत होता. ताडमाड माणूस, पण आता कोट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

नवरी, टेरिन, ग्लेन्डाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाकी सगळे फोटो बिघडले तरी मी चकार शब्द काढणार नाही. बाबांबरोबरचा नाच तेवढा मिळू दे. एकच गाणं उभं राहता येईल त्यांना. पुन्हा नाही."

"मिळेल," ग्लेन्डा म्हणाली.

तिने एक दिवा बँडशेजारी लावला, दुसरा स्वयंपाकघराच्या दाराशी. तिसरा कोपरा कोट अडकवायचा, तिथे दिवा नव्हता, नुसते दांड्यांवर पाहुण्यांचे कोट गच्च लागले होते. बँडशेजारचा दिवा कॅमेऱ्यावरच्या रिमोटला उत्तर देत होता. दाराजवळचा देईना. तिने बॅटऱ्या बदलल्या, स्टँड सरकवला, रिमोट पुसून पाहिला. काही नाही. गुडघे ठणकत होते, आणि नाचाची वेळ होत आली होती. म्हाताऱ्याचं बोलणं तिला आठवलं, नाही असं नाही. पण थकलेल्या माणसाला जे हाताशी असतं तेच बरं वाटतं. तिने दाराजवळच्या दिव्याचा डोळा चालू केला. बँडशेजारचा उडाला की तो बघून हाही उडेल, झालं. उडालाही. ग्लेन्डाने सुस्कारा सोडला आणि कॅमेरा टेबलावर ठेवून बूट सैल केले.

तेवढ्यात दाराजवळचा दिवा पुन्हा उडाला.

कॅमेरा टेबलावर होता. तिचं बोटही त्याला लागलेलं नव्हतं. कुठल्यातरी काकाच्या जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश असेल म्हणून तिने मान वळवून पाहिलं. कुणाच्याही हातात कॅमेरा नव्हता. सगळे जेवत होते. दिवा पुन्हा उडाला, आणि या वेळी तिला कळलं की त्याचा डोळा कोटांच्या कोपऱ्याकडे वळलेला आहे. तो तिकडचं काहीतरी बघून उत्तर देत होता.

ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. तिथे चर्चच्या बायका ताटं भरत होत्या. त्यांची मुख्य मार्सेला, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "तुझं ताट झाकून ठेवलंय. तुझ्या त्या मदतनीस बाईला दोनदा हाक मारली, येईना. म्हणते, हात मोकळा नाही. उपाशी मारतेस का गं तिला?"

"माझ्याबरोबर कुणी नाहीये, मार्सेला."

"बरं, नसेल," मार्सेला म्हणाली आणि बटाट्यांचं पातेलं उचलून निघून गेली.

बाहेर बँडने सुरुवात केली होती. टेरिनने नॉर्बर्टला हात देऊन उठवलं. कुणीतरी नळकांडं त्याच्या मागे ओढत आणलं. हॉल गप्प झाला. ग्लेन्डाने कॅमेरा डोळ्याला लावला, दाबलं... आणि काहीच उडालं नाही. बँडशेजारचा दिवा मेला होता. त्याचा उजेड नाही म्हणून दाराजवळच्यानेही डोळा मिटलेला. बॅटऱ्या पिशवीत, पिशवी हॉलच्या पलीकडे, आणि गाणं छोटं. तरी ती दाबत राहिली, कारण दुसरं काय करणार?

मग उजेड पडला.

तो कोटांच्या कोपऱ्यातून आला. ऊबदार, थोडा वरून, नेमका हवा तिथे. नॉर्बर्टच्या गालाचे खड्डे भरून निघाले. त्याने हनुवटी वर केली, कोपऱ्याकडे पाहून तोंडातल्या तोंडात काही बोलला, आणि मग मुलीकडे असा हसला की ग्लेन्डाचे डोळे भरून आले. ती दाबेल तेव्हा उजेड येत राहिला. मागे वळून कोपऱ्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

गाणं संपल्यावर नॉर्बर्टने तिला हाताने जवळ बोलावलं. त्याला धाप लागली होती.

"तुझी ती बाई... भली आहे गं. हनुवटी वर करायला सांगत होती." नळी सूं सूं करत होती. "किती थकलीये पण. हात थरथरत होता तिचा. मी म्हटलं, द्या इकडे, धरतो मी थोडा वेळ. मला आता काय काम आहे?"

"मग... काय म्हणाली?"

"म्हणाली, खरंच धराल?" नॉर्बर्ट हसला. "म्हटलं, शब्द दिला."

घरी येऊन ग्लेन्डाने फोटो पाहिले. नाचाचे फोटो इतके सुंदर आले होते की इतक्या वर्षांत तिने असा एकही काढला नव्हता. बापलेकीची सावली फरशीवर लांब पडली होती. शेजारी ग्लेन्डाची, वाकलेली. आणि ग्लेन्डाच्या मागे आणखी एक, हात उंच धरलेली.

सकाळ होताच तिने अलॉयसला फोन लावला. दिवे परत न्या म्हणाली, पैसे राहू देत.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. त्याचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता. "ल्युसिल गेल्यापासून माझ्या घरात या आठवड्यात पहिल्यांदा अंधार होता. मी झोपलो." आणि त्याने फोन ठेवला.

नॉर्बर्ट त्याच आठवड्यात गेला. टेरिनने तो फोटो शवपेटीशेजारी ठेवला होता. ग्लेन्डाला बघून ती गळ्यात पडली आणि म्हणाली, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

नाताळानंतर त्याच हॉलमध्ये टेरिनच्या मैत्रिणीचं रिसेप्शन झालं. भर दुपारचं, पण तळघराला खिडकीच नाही. ग्लेन्डाने नवे, स्वस्तातले फ्लॅश मागवले होते, रिमोटसकट. अलॉयसचे दिवे बॅटऱ्या काढून घरी खोक्यात चिकटपट्टी लावून ठेवले होते. काम नीट चाललं होतं. तिने ठरवलं होतं, हे शेवटचं.

ताट घ्यायला ती आत गेली तर मार्सेला खूश दिसली. "आज बसली बाई तुझी मदतनीस. दोनदा बटाटे मागून घेतले, अगदी मिटक्या मारत जेवली, आणि आत्ताच गेली. म्हणाली, आज हात मोकळा आहे."

ग्लेन्डाने ताट तसंच खाली ठेवलं. ती बाहेर आली. टेरिन एकटीच नाचाच्या कडेला उभी होती, काळ्या कपड्यांत.

"बरं झालं तू भेटलीस," टेरिन म्हणाली. "आई रोज रडते. मी तिला म्हणते, शेवटी सुटले ना गं बाबा. आता तरी त्यांना आराम आहे. हो ना?"

"हो," ग्लेन्डा म्हणाली.

तेवढ्यात कोटांच्या कोपऱ्यातून उजेड पडला. या वेळी तो फार उंचावरून आला, ताडमाड माणसाने हात वर धरावा तितक्या उंचावरून, आणि टेरिनच्या चेहऱ्यावर तो थरथरत होता. कोटांच्या मागून काहीतरी बारीक वाजत होतं... सूं... सूं...

टेरिनने हनुवटी वर केली. मग तिने गोंधळून ग्लेन्डाकडे पाहिलं.

"तू काही म्हणालीस का आत्ता?"