तिकिटाचा एक दर

त्याने भाव केला नाही, आणि सत्यवतीचा संशय तिथूनच सुरू झाला.

दोन हजार चारचा डिसेंबर. कट्टा गावाच्या माळावर, चिऱ्याच्या एका खोपटात, ती तिकीटखिडकीशी बसली होती. खिडकीवर आबांच्या वळणदार अक्षरात पाटी होती : ‘सोळा वर्षांखालील मुलींची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा. तिकीट रुपये तीस. एक दर.’ स्पर्धा आंतरराष्ट्रीय होती, कारण नेपाळ आणि श्रीलंका आली होती. मालदीवही येणार होतं. ते आलं नाही, म्हणून आबांनी त्याच्या जागी कट्ट्याच्या मुली उभ्या केल्या होत्या. चौथा संघ मुंबईचा. आबा म्हणजे हायस्कुलातले निवृत्त पीटी मास्तर, आणि या सगळ्या उपद्व्यापाचे अध्यक्ष.

खिडकीत एक हात आला. हातात दहाच्या तीन करकरीत नोटा.

“एक द्या.”

सत्यवती थांबली. तिला पुढचं वाक्य हवं होतं. या मुलखात कुठल्याही किमतीनंतर एक पुढचं वाक्य असतंच – कित्याक इतके, वीसाक दी, काल तर पंधराक होती. ते आलंच नाही.

“तीसच आहेत,” शेवटी तीच म्हणाली.

“हो. लिहिलंय ना.”

तिने मान वाकवून खिडकीतून वर बघितलं. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, नाकाच्या शेंड्यावर लाल धूळ. आणि एक हात खिशात. खिशातून बारीकसा आवाज आला – टिक.

सत्यवती नर्मदेची मुलगी होती. नर्मदा कट्ट्याच्या बाजारात पंचवीस वर्षं मासे विकत होती, आणि लेकीला तिने एकच विद्या मनापासून शिकवली होती : मासा कितीही चकाकला तरी आधी कल्ला उचलून बघायचा. लाल असला तर ताजो, नायतर परत ठेव. सत्यवती बी. कॉम. झाली, जिल्ह्याची गोलकीपर झाली, आबांच्या पोरींना सकाळी गोल अडवायला शिकवू लागली. पण माणूस समोर आला की तिची नजर अजून कल्लाच शोधायची.

या माणसाचा कल्ला कुठे होता, ते कळेना.

घरी जाऊन तिने आईला सांगितलं.

“भाव करूक नाय?” नर्मदेचा सुरीवरचा हात थांबला. “अगो, मगे तेका पैसे तरी फुकटचे मिळतत, नायतर माल तरी घेवचो नाय.”

त्या दिवशी एकूण एक्केचाळीस माणसं आली होती. बाकीचा गाव खिडकीपर्यंत येऊन परत गेला होता. “तीस रुपयांत बांगड्याचो वाटो येता,” असं कोणी म्हणालं. धोंडू माडवाला तर ‘एक दर’ वाचून दुखावलाच. “म्हणजे तुझा-माझा काय बोलणाच नाय?”

दुसऱ्या दिवशी आबांनी समितीची बैठक घेतली, म्हणजे स्वतःशीच विचार केला, आणि दर दहावर आणला. तेवीस माणसं आली.

“काल तीस, आज धा?” मैदानाबाहेरच्या चहावाल्या बाबलीने सगळ्यांच्या वतीने सांगितलं. “शिळी मॅच ती. कालची उरलेली.”

चष्मेवाल्याने दहा रुपये दिले. मुकाट्याने.

“आज स्वस्त आहे,” सत्यवती म्हणाली. जरा डिवचूनच.

“काल महाग वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “तुम्ही... रोज असता इथे?”

“का? रोज कोणी असू नये असं आहे का?”

“नाही, नाही. असावं. अवश्य असावं.”

टिक.

बाबलीच्या मते तो करमणूक कराचा माणूस होता. “माझ्याकडे चाय पिताना कपसुद्धा मोजी होतो.” दुसरं मत असं, की तो माळ विकत घेऊन हॉटेल बांधणार. सत्यवतीला दोन्ही पटत होतं. कारण तो आत जाऊन बसायचा तो मैदानाकडे तोंड करून नव्हे. नेपाळच्या पोरी गोल करत होत्या आणि हा बघत होता रिकाम्या बाकांकडे, मग खिडकीकडे, मग पुन्हा बाकांकडे. ती त्याच्यावर लक्ष ठेवून होती. अगदी बारीक लक्ष. तिकीट देता-देता, सुटे मोजता-मोजता, आणि मुळात गिऱ्हाईकच नसल्यामुळे – नुसतंच.

संध्याकाळी आबा खिडकीशी येऊन टेकले. चेहरा उतरलेला.

“सत्यू, तो निकेत देशपांडे. पुण्यासून इलो हा. हॉकी संघटनेचो निरीक्षक. माणसां मोजूक.”

“मोजून काय करणार?”

आबांनी मग इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगितलं. पाच दिवसांत एका दिवशी तरी पाचशे प्रेक्षक दिसले, तर स्पर्धा दरवर्षी इथे. न दिसले तर दुसऱ्या जिल्ह्यात. आणि स्पर्धा गेली की मैदानही जाईल. एसटी स्टँडला जागा हवीच होती.

सत्यवतीने माळाकडे बघितलं. या लाल मातीत तिचे दोन्ही गुडघे फुटले होते. सकाळी सात पोरी यायच्या, चार अनवाणी. गोलच्या खांबाला एसटी लागली तर त्या कुठे जाणार होत्या?

तिसऱ्या दिवशी आबांनी प्रवेश फुकट केला. त्यांचं म्हणणं, जत्रेतला दशावतार हजार माणूस फुकट बघतो, मग हॉकी का नाही?

“थय देव बसलेलो असता,” बाबली म्हणाला. “हय कोण आसा?”

बाजारात तर वेगळीच चर्चा. “फुकट? मगे निवडणुकेक कोण उभो रवलो हा?”

अकरा माणसं आली. दोन कुत्रे.

मॅचच्या आधी धूळ बसवायला टँकर आला, आणि नेमका खिडकीपाशी त्याचा पाइप सुटला. डिसेंबरात कट्ट्याला आकाशातून काही मिळत नाही. जे मिळालं ते पंचायतीचं होतं, पण मुसळधार होतं. निकेत धावत खोपटात शिरला. सत्यवतीच्या डोक्यावर काही धरण्याऐवजी त्याने तिकिटांची पुस्तकं उचलली आणि शर्टाच्या आत कोंबली. पाइप बंद झाला तेव्हा दोघं निथळत होती. तिच्या पापणीवरून थेंब ओघळला. त्याने तो बघितला, आणि मग भिंतीकडे बघितलं. ओल्या मातीचा वास आत भरला होता. दोघांच्या मध्ये एक वीत अंतर होतं...

“पुस्तकं कोरडी आहेत,” तो म्हणाला.

आपल्याला आवडलं, की संशय आला, हे तिला ठरवता येईना. चष्मा पुसायला त्याने खिशातली वस्तू खिडकीच्या फळीवर ठेवली. मुठीएवढं मोजणीयंत्र. आकडा होता – तीस.

“तीस?” सत्यवतीचा आवाज एकदम कोरडा झाला. “सकाळपासून अकरा माणसं आलीत. त्यातला बाबली कप न्यायला आला होता.”

तो चपापला. “ते... सगळे प्रेक्षक नाहीत.”

“मग काय, कुत्रे?”

“कुत्रे दोनच होते. ते मी धरले नाहीत.”

“मग एकोणीस कोण?”

“ते...” तो चष्मा पुन्हा पुसू लागला. “ते खाजगी आहे.”

“वा! आज एकोणीस, परवा चारशे! आबांनी सांगितलं का तुम्हाला आकडा फुगवायला? की फुगवून नंतर पकडायचंय आम्हाला? ऐका, खोट्या पाचशेवर माझं मैदान मला नको.”

“मी कागदावर अकराच लिहिणार आहे,” तो हळूच म्हणाला, आणि चष्मा हातातच धरून निघून गेला. वाटेत बाबलीच्या बाकावर अडखळला.

घरी सत्यवती जेवली नाही. नर्मदेने विचारलं, “एक दर म्हणान लिवलो कोणी?”

“आबांनी.”

“मास्तरच तो. अगो, भाव केल्याशिवाय घेतलेलो मासो माणसाक गोड लागता काय? आपण फसलंव, असाच वाटता. फुकट दिलंस तर सडको वाटता. माका उद्या खिडकीर बसव.”

चौथ्या दिवशी पाटी बदलली. तिकीट रुपये शंभर. ‘एक दर’ हे शब्द सत्यवतीने स्वतः खडूने खोडले. आबांनी डोक्याला हात लावला. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घासाघीस? तेवढ्यात निकेत आला. सत्यवतीने खडू पाठीमागे लपवला. हा आता कागद काढणार.

त्याने पाटी दोनदा वाचली. “दर लिहिलेला असावा, असा नियम आहे,” तो म्हणाला. “खाली उतरू नये असं कुठे लिहिलेलं नाही.” आणि रांगेसाठी दोरी बांधू लागला.

हा मदत का करतोय? तिच्या मनात नवा किडा वळवळला.

“इली, इली! ताजी मॅच! नेपाळची! आताच उतरली!” नर्मदेने आवाज टाकला. नेपाळला समुद्र नाही, ही गोष्ट कोणी काढली नाही.

धोंडू माडवाला थबकला. “शंभर?”

“शंभर.”

“येडी झालंस काय गो? धा देतंय.”

“धा? त्या श्रीलंकेची पोरां समुद्र ओलांडून इली, आणि तू धा देतंस? शिरा पडो तुझ्या धा रुपयार! ऐंशी.”

“पंदरा. नायतर मी चललंय.”

“जा.”

धोंडू चालू लागला – सावकाश, कान मागे ठेवून. सातव्या पावलावर नर्मदेने हाक मारली. “ओ! ये हय. वीस. बायलेक सांगू नको.”

शंभराचं तिकीट वीसला मारल्यावर ते वाया घालवणारा माणूस कट्ट्यात जन्मला नव्हता. धोंडू आत गेला. ऐंशी रुपये वाचवल्याचं त्याने चार जणांना सांगितलं, आणि ते चौघे पंधराला मागायला आले. त्या दिवशी दोनशे ऐंशी माणसं बसली. खिडकीतून सत्यवती भाव करत होती, आणि दोरीपाशी उभा राहून निकेत बघत होता. एकदा ती हसली. टिक. तिने डोळे वटारले. टिक.

पाचव्या दिवशी अंतिम सामना. नेपाळ आणि श्रीलंका. सुरू होताना आकडा चारशे साठ. मध्यंतर संपत आलं तरी चारशे साठच. आबा देवाचं नाव घेत होते. सत्यवतीची बोटं तिकिटांवर थिजली होती.

आणि मग बाजारातून टोपल्या आल्या. पन्नास मासेवाल्या, पुढे सुभद्रा. नर्मदेची शेजारीण आणि जन्माची वैरीण.

“पन्नास आसंव. पाच-पाच रुपये.”

पाच! नर्मदेच्या कपाळावरची शीर उडाली. पंचवीस वर्षांत ती सुभद्रेपुढे एका रुपयाने खाली आली नव्हती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आतून शिट्टी ऐकू आली. नर्मदेने लेकीच्या हातांकडे बघितलं.

“सात,” ती म्हणाली. तिला ते किती दुखलं, हे फक्त सत्यवतीला कळलं.

“चल,” सुभद्रा म्हणाली, आणि जाता-जाता तिने मुठीतून दोन बांगडे खिडकीत ठेवले. “हे वरचे.”

पाचशे दहा. नेपाळ हरलं, पण मासेवाल्यांनी त्यांच्या गोलकीपरला दोन्ही गोलांच्या वेळी उभं राहून ओरडून सांगितलं, की चूक तिची नव्हती.

उन्हं उतरली. मैदानात शेंगांची टरफलं, गोलची जाळी अर्धी सोडलेली. निकेतने कागद आणून फळीवर ठेवला. प्रत्येक दिवसापुढे खरा आकडा. तिसऱ्या दिवसापुढे – अकरा.

सत्यवतीने तो दोनदा तपासला. “आणि ते एकोणीस?”

त्याने दोन्ही खिशांत हात घातले. दोन यंत्रं बाहेर आली. “हे प्रेक्षकांचं. आणि हे... तिसऱ्या दिवशी एकच होतं, म्हणून घोटाळा झाला. मग कुडाळहून दुसरं आणलं.”

“पण मोजलंत काय?”

“तुम्ही माझ्याकडे बघितलंत की एक. त्या दिवशी एकोणीस वेळा. आजचे सत्तावन्न आहेत.”

“मी संशयाने बघत होते!”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पण एवढं मन लावून माझ्याकडे कोणी कधी बघितलेलं नाही.”

तिने जाळीकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं. नाइलाज झाला तेव्हा त्याच्याकडे.

टिक.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येऊ का? तुमच्या घरी?”

“पुढच्या डिसेंबरात या. स्पर्धेला.”

“वर्षभर? पुढच्या रविवारी.”

सत्यवती सावध झाली. त्याने भाव केला होता.

“शिमग्याला,” ती म्हणाली. “शेवटचं.”

“नाही परवडत,” निकेत म्हणाला. “बरं... मी चाललो.”

आणि तो चालू लागला – सावकाश, कान मागे ठेवून. एक पाऊल. दोन. सत्यवतीने त्या कानांकडे नीट बघितलं. ते पाळीपर्यंत लालभडक झाले होते. उन्हाने असतील, अशी शंका तिने काढून पाहिली. पण सूर्य केव्हाच माळाआड गेला होता. पाच. सहा.

सातव्या पावलाची वाट बघायचं तिला जमलं नाही.

“ओ!” ती म्हणाली. “या हय. संक्रांतीक. आणि माझ्या आयेक सांगू नका, मी किती खाली इलंय ता.”