ज्याचा आवाज, त्याला आधी

पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत वस्तीचा रेडिओ चालायचा. रेडिओ म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर, भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं आणि अक्का. मोठ्या वाहिन्या लोकांचे आवाज उचलून न्यायच्या नि हवे तसे कापायच्या. अक्काचा नियम वेगळा. ज्याचा आवाज, त्याला आधी ऐकवायचा. तो ‘लाव’ म्हणाला तरच लावायचा. यापायी बातम्या शिळ्या व्हायच्या, पण कारखान्यांच्या गेटवरची माणसं मन मोकळं करायची ती अक्कापाशीच.

त्या दुपारी अक्काची धाकटी बहीण रेकॉर्डर घेऊन आली. शिलाई कारखान्यातल्या बायकांचा संप तीच चालवत होती. घोषणा देऊन घसा पार बसलेला.

“बस की जरा. पाणी पी.”

“पाणी राहू दे. आधी हे उतरवून घे.”

अक्काने घोषणा कॉम्प्युटरवर घेतल्या, हेडफोन लावला. घोषणांच्या खाली कुणीतरी बोलत होतं. शेजारणीकडे सुई मागावी, इतक्या हळू. “दार उघडता का?”

अक्काने आवाज कमी केला. घोषणा विरल्या. खालचा बाईचा आवाज मात्र तेवढाच राहिला.

धाकटीने ऐकलं आणि खुर्चीची पाठ धरली. “ही काजेवाली.”

शर्टांची काजं करणारी ती बाई संपाआधीच दिसेनाशी झाली होती. काम सोडून गेली, असं साहेब म्हणाले. तिच्या चपला मात्र कारखान्याच्या गोदामाच्या दाराशी तशाच होत्या.

“पण गोदाम उघडून दाखवलं ना तुम्हाला?”

“दाखवलं. रिकामं होतं.” धाकटी जवळ आली. “अक्का, आत्ताच्या आत्ता लाव. सगळी वस्ती गेटवर येईल.”

“लावते. पण तिला ऐकवलंय कुणी?” अक्का सवयीने बोलून गेली.

धाकटी हसली. “तुझ्या नियमातून कुणाची म्हणून सुटका नाही बघ.” मग हसू ओसरलं. तिने रेकॉर्डर उचलला. “बरं. ऐकवून येते.”

“अगं, मी आपलं उगाच...”

जिना वाजत खाली गेला.

उन्हं कलली तेव्हा संपातली इस्त्रीवाली रेकॉर्डर घेऊन वर आली. “गोदामाच्या दाराशी सापडला. धाकटी इकडेच आली ना?”

“इकडे कुठे? आत बघितलंत?”

“आत कशी असेल, अक्का? बाहेरून कुलूप आहे.” इस्त्रीवालीने नजर चुकवली. “चपला दोन जोड आहेत पण.”

अक्काने रेकॉर्डर लावला. धाकटीचा बसका आवाज. “ऐकलंस ना, बाई? लावू?”



मग, अगदी जवळून, “लाव.”

मग कडी सरकल्याचा आवाज.

परवानगी मिळाली होती. आता हे लावलं की गेटवर गर्दी होणार, कुलूप तुटणार. दुपारी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं खोलीतच होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. तरी अक्काने सवयीप्रमाणे एकदा हेडफोन चढवला.

घोषणा.

खाली, “दार उघडता का?”

आणि त्याच्याही खाली, घसा बसलेला दुसरा आवाज.

“अक्का, यात मीही आहे. मला ऐकवल्याशिवाय लावू नकोस हं.”