आरशातली माणसं मोजू नकोस

"मशीन खोटं बोलत नाही," मंजू म्हणाली, आणि पहारेकरी धनराजचा चेहरा आणखी उतरला.

मंगरूळपीरच्या सभागृहात मंजूचं प्रदर्शन होतं. मधोमध तिच्या दिवंगत आईची आरसेकामाची ओढणी, भिंतीवर पणजोबांचा मोठा फोटो, आणि एक संगणक. कॅमेऱ्यापुढे माणूस आला की पडद्यावर तो त्याच्याभोवती हिरवी चौकट काढी, फोटोही जपून ठेवी. आज दुपारी ओढणी गेली. त्या वेळचा फोटो एकट्या धनराजचा. आयोजकांनी पोलिसांना फोन केला होता. ते यायच्या आत छडा लागावा म्हणून मंजूनं वाशीमहून गुप्तहेर पौर्णिमाताईंना बोलावलं. सोबत त्यांचा मामेभाऊ अनुप. त्याचं मत तर एसटीतच ठरलं होतं.

"मी केर झाडाले आत गेलतो, ताई," धनराज म्हणाला. "मंग मंजूच्या दादीनं डबा आनला, तं बाहेर बसून जेवलो. पोरीची सोयरीक जुळून राह्यली. चोर म्हनून नाव निंघालं तं मोडते ना!"

"चोर असंच बोलतात," अनुप कुजबुजला.

"तू किती चोर पाह्यले रे?" ताई मंजूकडे वळल्या. "हे मशीन कधी चुकलं?"

"पहिल्याच दिवशी. ओढणीच्या आरशांत पाहुण्यांची तोंडं दिसत, मशीन ती सगळी माणसं म्हणून मोजायचं. मग शिकवलं त्याला, आरशांनी भरलेलं कापड दिसलं की सोडून दे."

तेवढ्यात दारात लखलखलं. मंजूची दादी, बेबीबाई, संध्याकाळचा डबा घेऊन आली होती. अंगभर आरशांचा जुना बंजारा पेहराव. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो दिसताच तिनं आरशांचा घुंगट हनुवटीखाली ओढला.

पडद्यावर चौकटी होत्या. मंजूभोवती, धनराजभोवती, ताईंभोवती. स्वतःची पाहून अनुपनं केस नीट केले.

"केस राहू दे," ताई हळूच म्हणाल्या. "चौकट कोणाले नाही, ते पाह्य."

अनुपनं दादीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. त्याचा हात केसांतच राहिला.

"दुपारी धनराज डब्यावर बसला, तेव्हा दादी आत आल्या," ताई म्हणाल्या. " सासऱ्यांपुढं उघड्या तोंडानं कशा येतील? तोंड झाकलेलं, अंगावर आरसेच आरसे. मशीनले माणूस दिसलाच नाही. कापड दिसलं. फोटो कायचा काढन ते? दादी, ओढणी तुमीच नेली ना?"

"त मंग!" बेबीबाईनं पिशवीतून ओढणी काढली. "सुनेच्या ओढनीचा आरसा लोंबून राह्यला व्हता. घरी नेऊन टाका घातला."

"मग सांगितलं काहून नाही, दादी?" मंजूनं ओढणी हातात घेत विचारलं.

"तूच म्हनली ना, मशीनले समदं दिसते? मले वाटलं, तुले ठाव हाय."

अनुपनं नजर चुकवत धनराजला पाणी दिलं.

मंजूनं संगणकाला शिकवलेलं ते सगळं पुसून टाकलं आणि दादीजवळ येऊन उभी राहिली. पडद्यावर दादीभोवती हिरवी चौकट उमटली. तिच्या अंगावरच्या आरशा-आरशातल्या चेहऱ्याभोवतीही एकेक.

बेबीबाईनं घुंगटाची कड जराशी उचलली.

"अव माय! इतक्या मंजू?"