माटोळीतले पाचवे कवंडळ

फोन आडवा धरावयाचा, मध्ये कोणी बोलावयाचे नाही, आणि चित्रण काटछाट न करता जसेच्या तसे पाठवावयाचे, एवढ्याच सूचना सिद्धीने आम्हाला दिल्या होत्या. ही मुलगी म्हापशाची. गोव्यातील माणसांनी आपापल्या घरात स्वतः टिपलेली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, एकत्र जोडून एक माहितीपट तयार करावयाचा, असा तिच्या मंडळींचा संकल्प होता. श्रावणात ती आमच्या इब्रामपुरात आली व देवळाच्या मंडपात बसून तिने सर्वांना समजावून सांगितले. "कॅमेरेवाला घरात आला की माणसं अवघडतात," ती म्हणाली, "म्हणून तुमचं घर तुम्हीच दाखवा."

मला ही कल्पना फार आवडली. मी भाजीची गाडी चालवितो व म्हापशाच्या बाजारात माल पोहोचवितो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु वाचनालयातील पुस्तके नेमाने वाचतो, आणि आपल्या घरातील काही तरी चार लोकांपुढे जावे ही इच्छा मनात पुष्कळ वर्षे होती. आमच्या घरची माटोळी पाठवावी, असे मी ठरविले.

माटोळी म्हणजे गणपतीच्या मस्तकावर, छताखाली टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, आंबाडे आणि रानातली नाना फळे केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात. हे सर्वत्रच आहे. आमच्या घराण्यात मात्र एक जास्तीची रीत आहे. घरात जितकी जिवंत माणसे, तितकी कवंडळे माटोळीला असावयाची. कवंडळ हे तांबडेलाल, लिंबापेक्षा किंचित मोठे फळ. दिसावयास अत्यंत देखणे, परंतु कडू, कोणी खात नाही. प्रत्येकाने आपले कवंडळ आपल्या हाताने बांधावयाचे. जो परगावी असेल त्याचे घरचा वडीलधारा बांधतो. जो मरण पावला त्याचे बांधीत नाहीत.

घरात आम्ही चौघे आहोत. माझा वडील भाऊ श्रीनाथ, ज्याची पत्नी मागेच वारली. मी व माझी पत्नी सुमंगला. आणि माझ्या धाकट्या भावाची पत्नी शीतल. धाकटा भाऊ रुद्रेश तारवटी होता, म्हणजे मालवाहू जहाजावर खलाशी. तीन वर्षांपूर्वी भर समुद्रात, एका पहाटे तो जहाजावर आढळला नाही. कंपनीने तसे कळविले. देह मिळाला नाही. मागील दोन्ही चवथींना दादाने त्याचे कवंडळ बांधले, कारण मेला असे कोणी पाहिले नव्हते.

यंदा मी रानातून नेहमीप्रमाणे पाच कवंडळे आणली. दादाने त्यातील एक उचलले आणि खिडकीतून परसातल्या माडाच्या आळ्यात टाकले.

"ह्या वर्साक चारच पुरे," तो म्हणाला. "भटजींक इचारलंय. अमावाशेक दर्भाचो पुतळो करून त्याची क्रिया करूया."

शीतल दोर भिजवीत बसली होती. तिने मान वर केली नाही. "भावोजी, चवथ तरी होवंदे."

"चवथ झाली की दिवाळी म्हणतलंस. तीन वर्सां तू दारात बघीत बसलंस गो. माका तां बघवणा नाय."

दादा कठोर मनुष्य नव्हे. परंतु क्रिया झाली म्हणजे शीतलने कुंकू पुसावयाचे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, आणि शीतलचे वय अजून तिशीही ओलांडलेले नव्हते. ती एरवी टिकली लावी; पण चवथीला करंड्यातले कुंकू, सुमंगलेच्या जोडीने, आरशापुढे उभी राहून लावी. त्या दिवशीही तिने तसेच लावले.

दुपारची आरती झाल्यावर मी चित्रण केले. बाहेर लख्ख ऊन पडले होते व खिडकीतून उजेड सरळ माटोळीवर येत होता. दादा, सुमंगला व शीतल गणपतीपुढे हात जोडून उभी होती. मी त्यांच्या मागे उभा राहून फोन प्रथम मूर्तीवर, मग हळूहळू वर नेला. कोणीही बोलले नाही. मी फोन खाली करताच सुमंगला हसली.

"अगो, कपाळ बघ तुजां! शिमगो खेळलंस काय?"

शीतलच्या कपाळावरचे कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत आले होते. वरून पाण्याचा एक थेंब पडला होता. कौले फुटली असावीत, असे दादा म्हणाला. शीतल आत जाऊन तोंड पुसून, पुन्हा कुंकू लावून आली. त्याच सायंकाळी मी चित्रण सिद्धीला पाठविले.

पाचव्या दिवशी गणपती पोहोचविले व माटोळी उतरविली. फळे शेजारी वाटली, कवंडळे नदीत सोडली. रिकामी चौकट मात्र वर्षभर छताखाली तशीच राहते.

त्यानंतर सिद्धीचा फोन आला. मी बाजारातून गाडी घेऊन परतत होतो. रस्त्याच्या कडेला थांबलो.

"काका, तुमचे दोन्ही तुकडे मिळाले. सगळ्यांना फार आवडले," ती म्हणाली. मी एकच पाठविला होता. परंतु तिच्याकडे ढिगाने येत असतील, गफलत झाली असेल, असे वाटून मी बोललो नाही. "एकच विचारायचं होतं. डाव्या कोपऱ्यात जे एकटं तांबडं फळ आहे ना, त्यातून पाणी कसलं गळतं?"

"कोपऱ्यात फळ नाय," मी म्हणालो. "कवंडळां चारूय मधल्या पट्टीर आसत."

"मधे चार आहेत. कोपऱ्यात पाचवं आहे. बघा तरी!"

मी फोनवरचे चित्रण उघडले. गाडीत उन्हामुळे नीट दिसेना, म्हणून काच वर करून अंगावरच्या शर्टाचा आडोसा केला. मूर्ती, समई, मग वर माटोळी. मधल्या पट्टीवर आमची चार. आणि डाव्या कोपऱ्यात, सुपारीच्या घोसामागे, पाचवे. इतर फळे स्थिर होती. हे एकटे किंचित डुलत होते आणि त्याच्या बुडाशी पाण्याचा मणी जमून खाली पडत होता. पुन्हा जमत होता.

माझी पहिली शंका शीतलवर गेली, हे मी लपवीत नाही. टाकून दिलेले फळ तिने उचलून गुपचूप बांधले असेल, आणि त्यात अन्याय तरी काय होता? घरी पोहोचताच मी प्रथम परसात गेलो. दादाने टाकलेले कवंडळ माडाच्या आळ्यात तसेच पडले होते. फुटून त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मग कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून मी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत चढलो. सर्व दोर आम्ही कापून टाकले होते. तेथे मात्र एक राहिला होता, वीतभर, रिकामा लोंबणारा. कौले शाबूत होती. आजूबाजूचे लाकूड कोरडे होते. दोर ओला होता.

आणि त्याची गाठ आमच्यापैकी कोणाची नव्हती. रुद्रेश जहाजावर एक गाठ शिकला होता. एक टोक ओढले तर घट्ट होत जाते, दुसरे ओढले तर क्षणात सुटते. सुट्टीवर आला की तो माटोळीला तीच मारी व आम्हाला शिकवू पाही. आम्हाला कधी साधली नाही. "तारवट्याची नाटकां," म्हणून दादा त्याची थट्टा करी.

मी दुसरे टोक ओढून पाहिले. गाठ सुटली नाही.

खाली शीतल येऊन उभी होती. मी काहीही सांगितले नव्हते. तिने टाचा उंचावून हात वर केला, दोराचे लोंबते टोक चिमटीत धरले आणि ती बोटे जिभेला लावली.

"खारट," ती म्हणाली.

रात्री जेवताना मी दादाला चित्रण दाखविले. त्याने ते पुनःपुन्हा पाहिले व फोन पालथा ठेवला. "शीतल, खरां सांग. मी रागावचंय नाय. कदेलार तू चढललंस?"

"चढलंय आसतंय तर माका ती गाठ येवक व्हयी ना, भावोजी?"

दादाने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, "मोबाईलात काय बी दिसता. म्हापशाच्या त्या चेडवाच्या मोठ्या पडद्यार बघूया. पाचवां नसलां तर अमावाशेक क्रिया. मगे माका कोणी अडवचां नाय."

शीतलने होय म्हटले.

शुक्रवारी मी माल उतरवून दादाला व शीतलला घेऊन सिद्धीच्या कचेरीत गेलो. बाजाराच्या मागील बाजूस, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. खाली चवळीची जुडी व सुक्या मासळीचा भाव चालला होता, तो आवाज वर येत होता. सिद्धीने आम्हाला चहा मागविला. मंडळी आपले घर पडद्यावर पाहावयास आली, याचा तिला फार आनंद झाला होता.

तिने पहिला तुकडा लावला. भिंतीएवढ्या पडद्यावर आमचा गणपती दिसला आणि मला क्षणभर अभिमानच वाटला. मग माटोळी. पाचवे कवंडळ होते. मोठ्या पडद्यावर दोराचे तंतूही मोजता येत होते, आणि गाठ स्पष्ट होती.

दादाने चहाचा पेला खाली ठेवला.

"आता दुसरा," सिद्धी म्हणाली. "हा तर भारीच आहे! पहिल्याच्या पाठोपाठ तुमच्याच नंबरावरून आलेला. वरून घेतला आहे. शिडी लावली होती काय, काका?"

मी खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर आमची खोली होती. छताखालून पाहिलेली.

कडेला सुपारीचे घोस, अगदी जवळ, म्हणून पुसट. खाली गणपतीचा मुकुट. त्यापुढे दादाचे टक्कल, सुमंगलेच्या केसातली अबोली, शीतलचा भांग. त्यांच्या मागे मी, दोन्ही हातांनी फोन धरून, तोंड किंचित उघडे.

चित्र हळूहळू डुलत होते. डावीकडे, उजवीकडे.

आवाज होता. आरतीनंतरची शांतता, समईची चुरचुर, आणि त्यामागे काही तरी संथ, मोठे, येणारे व जाणारे. लाट म्हणावी असे.

दादा हात जोडून डोळे मिटून होता. सुमंगलाही.

शीतलचे डोळे उघडे होते.

तिने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिले.

चित्राच्या वरच्या कडेला पाणी जमले, फुगले, सुटले. थेंब खाली जाताना लहान लहान होत गेला आणि तिच्या कपाळावर नेमका कुंकवाच्या मधोमध पडला.

ती हलली नाही. कुंकू ओघळू लागले. ती हसत होती.

तुकडा तेथे संपला.

खाली बाजारात कोणी तरी मोठ्याने कोणाला हाक मारीत होते. दादाने शीतलकडे पाहिले. "बघलंस?" तो म्हणाला. "त्यानच तुजां कुंकू पुसल्यान, शीतल. आता तरी समज गो."

"पुसूक नाय," शीतल म्हणाली. "हात लावल्यान."

सिद्धीला यातले काही समजले नाही. ती म्हणाली, "वरून कोणी घेतलं ते सांगा ना. चित्रपटाच्या शेवटी प्रत्येकाचं नाव घालतो आम्ही."

मी दादाकडे पाहिले. दादा जमिनीकडे पाहत होता.

"रुद्रेश," शीतल म्हणाली. "घाल."

"भाऊ काय तुमचे? शांत हात आहे. झोका दिल्यासारखं वाटतं."

अमावास्येला आम्ही भटजींना बोलाविले नाही. दादाने पुन्हा तो विषय काढला नाही. जिवंत माणसाची क्रिया करणे पाप, आणि मेलेल्याची न करणेही पाप. या दोहोंपैकी आपण कोणते करीत आहोत ते त्याला ठरविता येईना, आणि मलाही येत नाही. मी शोध मात्र सोडला नाही. कौले काढून पाहिली. लाकूड पुसून त्याखाली कागद अंथरला. दोराखाली रोज सकाळी एक ओला ठिपका असतो, सुकल्यावर कडेला पांढरे मीठ उरते. दोर मी कोयत्याने कापावयास गेलो होतो, पण शीतल दारात येऊन उभी राहिली, आणि मी कदेलावरून खाली उतरलो.

तिने टिकली सोडली आहे. रोज दिवेलागणीला ती करंड्यातले कुंकू लावते व माटोळीच्या चौकटीखाली जाऊन उभी राहते. थोड्या वेळाने पुसलेल्या कपाळाने बाहेर येते आणि आरशापुढे पुन्हा लावते. मनुष्य सुखी असावा तशी ती दिसते. स्वयंपाक करताना गुणगुणते. घरात तिला कोणी काही म्हणत नाही.

काल दुपारी सुमंगला त्या खोलीचा केर काढून बाहेर आली. मी ओसरीपुढे गाडीची चाके पुसत होतो. ती म्हणाली, "आज म्हापशाक जाव नका. माका बरां दिसणा नाय," आणि केरसुणी कोपऱ्यात ठेवण्यासाठी उजेडाकडे वळली. तिचे कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळले होते.

तिला ते ठाऊक नव्हते. पुसले, असे दादा म्हणाला असता; आणि ह्या खेपेस ते कुंकू माझ्या नावाचे होते. मी आत जाऊन आरशाजवळचा करंडा आणला व काही न बोलता तिच्या हाती दिला.