दुसऱ्यांदा मोजलेला नमुना

प्रयोगशाळेतल्या तिच्या टेबलावर नऊ नळ्या होत्या, कागदी पट्ट्यांचं एक पाकीट, एक चिमटा, बर्फाचा एक डबा. आणि समोरच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस, काळा चष्मा लावून ऐटीत बसलेला.

"चष्म्याचा नंबर इथेच काढतात ना?"

"इथे अश्रू काढतात," ती म्हणाली.

"बापरे! बोलून की मारून?"

तिला हसू आवरेना. त्याच्या हातातला कागद पाहिला, तर खोली बरोबरच निघाली. डाव्या डोळ्याला आतून सूज, अश्रूंचा नमुना घ्यावा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

तो पाट्या रंगवणारा पेंटर होता. तिने त्याच्या पापणीच्या कडेला हलकेच पट्टी अडकवली. "पाच मिनिटं डोळे मिटून बसा."

"आणि तोंड?"

"तेही मिटलंत तर उपकार होतील."

पुढच्या आठवड्यात तो निकाल ऐकायला आला. "सूज चढली की एक एन्झाइम जोरात कामाला लागतं," ती समजावू लागली. "ते जितकं जास्त, तितका नळीतला निळा रंग गडद. पंधराच्या खाली आलं की डोळा शांत. तुमचं आलंय एकतीस."

"म्हणजे पार शाईच की!"

मग दर आठवड्याला नवा नमुना, नव्या थापा. एकदा त्याने तिच्या डब्यावर ब्रशने 'बर्फ' लिहून दिलं. मोजपट्टी न लावता ओढलेली शिरोरेषा... ती बघतच राहिली. रेघ संपेपर्यंत त्याने श्वास धरला होता. थेंब सोडायला पिपेट धरताना तीही अगदी तसाच धरायची.

"तुम्ही थेंब कसा सोडता, माहितीये?" तो म्हणाला. "जणू तो झोपलाय आणि त्याला उठवायचं नाहीये."

तिच्या कामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. घरी आई तर अजूनही म्हणायची, "दिवसभर ते थेंब मोजून होतं तरी काय गं?"

आकडा उतरत होता, पण सावकाश. डॉक्टरांनी त्याला बजावलं, पुढच्या दोन नमुन्यांत पंधराच्या खाली आला नाही तर औषध वाढवावं लागेल आणि सहा महिने शिडी बंद. त्याची आजवरची सगळ्यात मोठी पाटी अर्धी रंगवून पडली होती. मग ते काम दुसऱ्याच्या हातात जाणार होतं.

त्यातला पहिला नमुना एकोणीस निघाला. तिने तो पुन्हा यंत्रात लावला. पुन्हा एकोणीस.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईंनी मान वर केली. "काय गं, दोनदा?"

"नळीत बुडबुडा असेल वाटलं..."

"दिसला होता?"

"नाही."

"बाकीच्यांचे किती वेळा मोजलेस?"

"एकेकदाच." आणि तिचे कान तापले. न आवडलेला एकच आकडा तिने पुन्हा मोजला होता. असं का झालं, हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

पुढच्या आठवड्यात तो आला, तिने पट्टी लावली, काढली, नळीत टाकली... आणि नळी ताईंकडे सरकवली. "ताई, हा तुम्ही मोजा."

पेंटरचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही." ती चिमटा उगाच पुसत राहिली. "मोजणाऱ्याला आकड्याकडून काही नको असावं लागतं. आणि मला हवंय."

"काय हवंय?"

"तुम्ही शिडीवर चढायला हवंय."

"एवढंच?"

"आणि उतरलात की... सरळ इकडे यायला हवंय."

"पेशंट म्हणून?"

"पेशंट म्हणून मुळीच नाही!"

तो पहिल्यांदाच थट्टा सोडून हळूच म्हणाला, "आणि आकडा उतरलाच नाही तर?"

"तरी या."

"मी तर कालच ठरवलं होतं," तो म्हणाला, "आज आकडा काहीही येवो, तुम्हाला चहाला विचारायचं. रात्रभर पाठ केलेलं सगळं आत्ता विसरलो."

"तुमचं झालं असेल," ताई म्हणाल्या, "तर जरा गप्प बसाल का? हात हलतोय माझा."

दोघं भिंतीकडच्या बाकावर बसले. त्याच्या बोटांना निळा रंग लागलेला होता, तिच्या बोटांना बर्फाचा गारवा. कुणी कुणाचा हात आधी धरला, ते दोघांनाही कळलं नाही.

यंत्र थांबलं. ताईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं, "डावा डोळा. बारा पूर्णांक सहा दशांश."