ओठरोप

“गिराण लागलं हाय. ईळीले हात लावू नोको वं स्वरूपा, दोन जिवाची हायेस तू,” इंदूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून बजावलं होतं.

स्वरूपा तेव्हा सातव्या महिन्यात होती, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती आणि तिला काकडी खावीशी वाटत होती. “पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, आई. काकडीवर नाही,” असं म्हणून ती हसली आणि विळीवर बसून तिनं चकत्या केल्या. मीठ लावून खाल्ल्यासुद्धा.

मग जुई झाली. दाट जावळाची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला.

इंदूबाई काहीच बोलल्या नाहीत. परतवाड्याच्या त्या गल्लीत इंदूबाई भुयार गप्प बसल्या, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळायचा असतो, ग्रहण सातव्यात होतं, हे स्वरूपाला पुस्तकासकट पाठ होतं. पण सासूच्या बंद तोंडापुढे पुस्तकाचं काही चालेना. हळूहळू तिनंही बोलणं सोडलं. जुईला बोंडल्यानं थेंब थेंब दूध पाजायचं, बाहेर निघताना दुपटं नाकावर ओढायचं आणि समोरच्याची नजर कुठे अडखळते ते बघत राहायचं. बघण्यात मात्र ती भलतीच तरबेज झाली.

आणि आता त्याच इंदूबाई सकाळच्या उन्हात ओट्यावर उभ्या राहून भाजीवालीशी भांडत होत्या!

“हे वांगे हायेत का गोटे? तुह्या सासूले घाल शिजवून!”

त्यांच्या गळ्यात तुळशीच्या माळेखाली तळहाताएवढी पारदर्शक पिशवी छातीला चिकटून होती. तिच्यातून केसासारख्या दोन तारा निघून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी डकवलेल्या इवल्या टिकल्यांपर्यंत गेल्या होत्या. पिशवीतल्या गुलाबी रसात जुईचा नवा ओठ वाढत होता. इंदूबाईंनी आवाज चढवला तसा पिशवीवरचा दिवा हिरवागार झाला. भाजीवालीनं दिव्याकडे बघितलं आणि हात जोडले. “भांडा माय, अजून भांडा. पोरीच्या कामाचं हाय.”

हे सुरू झालं होतं गावच्या मैदानावर आलेल्या एका फिरत्या इस्पितळात. एका धर्मादाय संस्थेनं दोन लांबलचक गाड्या जोडून ते बनवलं होतं. शस्त्रक्रिया विनामूल्य. डॉक्टर नसरीन शेख यांनी जुईच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं थोड्या पेशी टिपून घेतल्या होत्या.

“नुसतं शिवलं तर कातडी जुळते,” त्या म्हणाल्या, “पण ओठाचा स्नायू आखडतो. मूल वाढतं, व्रण वाढत नाही. मग पुन्हा कापा, पुन्हा शिवा. म्हणून आम्ही आधी वाफ्यात रोप करतो आणि मग लावणी. याला ओठरोप म्हणतो. बाळाच्याच पेशी, त्यामुळे शरीर परकं समजत नाही. आणि बाळाबरोबर वाढतं.”

“मग वाफा तुमच्या प्रयोगशाळेत का नाही?” स्वरूपानं विचारलं.

“ऊब देता येते तिथे, खाऊपिऊही घालता येतं. पण स्नायूला वळण लागतं ते हालचालीनं. यंत्रानं शिकवलेला ओठ यंत्रासारखाच हलला, एकसुरी. माणूस बोलतो, हसतो, फुंकर घालतो, दर वेळी ताण निराळा. या टिकल्या तो ताण रोपापर्यंत नेतात. जो पिशवी घालेल त्यानं भरपूर बोलायचं, एवढंच पथ्य.”

शेजारच्या बाकावर मेळघाटातल्या मोहाडोहची सुगंती कासदेकर बसली होती. मांडीवरच्या मुलाचा ओठ जुईसारखाच दुभंगलेला, पण चेहरा उघडा. दुपटं नाही की पदर नाही.

“म्हणजे बोलायचंच औषध का, डॉक्टरीनबाई?” ती म्हणाली. “अन् माझा नवरा म्हणते, पोराचं राहू द्या, पहिले हिचं तोंड शिवा!”

सगळ्या गाडीत खसखस पिकली. स्वरूपाही हसली. कित्येक दिवसांनी.

पण घरी आल्यावर गाडं अडलं. स्वरूपानं हौसेनं पिशवी घातली आणि जुईसमोर बसली. जिच्यासाठी बोलायचं तिच्याच चेहऱ्याकडे बघितलं की बोलायचं सोडून ती दुपटंच सारखं करत बसे. दिवा पिवळाच राहिला. आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला. “रोप उपाशी आहे हो. घरात कोणी बोलत नाही का?”

स्वरूपा काही म्हणायच्या आत इंदूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. “आन इकडं ते! पोट्टीचा ओठ हाय. मुक्यानं वाढंन का?”

“चालेल?” स्वरूपानं फोनमध्ये विचारलं.

“ऊब कोणाचीही चालते,” डॉक्टर म्हणाल्या. “बोलणंसुद्धा.”

त्या दिवसापासून घराला जणू वारं लागलं. इंदूबाई दळताना बोलत, निवडताना बोलत, देवाशी, मांजराशी, टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्या पोराशी बोलत. सकाळी उठलं की आधी सगळे पिशवीभोवती गोळा होत. काल नुसती साय होती, आज कड आली! आज मधली खोबण दिसायला लागली! स्वरूपाचा नवरा नितीन कामावर निघताना आईला सांगे, “आई, आज जरा शेजाऱ्यांवर घसर.” आणि इंदूबाई त्याच्यावरच घसरत.

स्वरूपा बघत होती. इंदूबाई टोमणा मारायच्या आधी त्यांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर उचलला जाई, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. त्या कोपऱ्यावरून ती या घरातलं हवामान ओळखायला शिकली होती. एका सकाळी पिशवीतल्या ओठरोपाची डावी कड टुणकन वर उचलली गेली. पाठोपाठ इंदूबाई म्हणाल्या, “आल्या का उठून राणीसाहेब?”

स्वरूपानं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे डॉक्टरांचा आवाज उत्साहानं चढला. “तुम्ही स्वतः पाहिलंत? अहो, बोलणाऱ्याच्या ओठाचं वळण रोपाच्या तंतूंत उतरू शकेल असा आमचा अंदाज होता. हे आम्हालाही नवीन आहे!”

आनंद झाला की भीती वाटली, हे स्वरूपाला ठरवता येईना. तो कोपरा आता आपल्या लेकीच्या तोंडावर? जन्मभर?

लावणीला थोडेच दिवस उरले होते. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, “रोप गार पडू देऊ नका. जबडा कोवळा आहे तोवरच हे धरतं. दुसरं करेपर्यंत ती वेळ निघून जाईल.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात सूर्यग्रहण आलं.

दुपारी ऊन विरजणाच्या पाण्यासारखं पातळ झालं. अंगणातल्या पेरूखाली पानांच्या फटींतून पडणारे उन्हाचे गोल कवडसे एकेक करून चंद्रकोरीसारखे होत गेले. शेकडो कोरी! स्वरूपा जुईला कडेवर घेऊन त्यांच्यात नाचली. तिच्या दुपट्यावर, तळव्यांवर, दुभंगल्या ओठावर कोरी पडल्या. “आई, बाहेर या, बघा तर!” तिनं हाक मारली.

उत्तर आलं नाही. या घरात महिनाभर जे थांबलं नव्हतं ते थांबलं होतं.

ती धावत आत गेली. इंदूबाई देवापुढे माळ ओढत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ गच्च, गळा मोकळा.

“आई, पिशवी?”

माळ थांबली नाही.

“आई! पिशवी कुठाय?”

इंदूबाईंनी डोळे न उघडता बोट केलं. तांदळाचा डबा. स्वरूपानं झाकण उपटलं. पिशवी तांदळात अर्धी पुरलेली होती आणि तिच्यावर जपून एक तुळशीचं पान ठेवलेलं. दूध, लोणचं, पिण्याचं पाणी, ग्रहणात या घरी सगळ्यांवरच तसं पान पडे. इंदूबाईंनी वाढत्या ओठावरही ठेवलं होतं आणि स्वतः मौन धरलं होतं.

दिवा विझला होता. पिशवी गार लागत होती.

स्वरूपानं जुईला सासूच्या मांडीवर ठेवलं, पिशवी पोलक्याच्या आत छातीशी दाबली, टिकल्या ओठांना लावल्या. आता बोलायचं. काय बोलायचं? पहिलं जे तोंडाशी आलं ते कितीतरी महिने तिथेच थांबलेलं होतं.

“मी काकडी कापली म्हणून झालं, असंच वाटतं ना तुम्हाला? मग म्हणा की एकदा! तोंडावर म्हणा! गल्लीभर बोलता, भाजीवालीला बोलता, मलाच तेवढं काही बोलत नाही! दुसऱ्या महिन्यात जुळतो ओठ, आई, दुसऱ्या! तेव्हा ग्रहण नव्हतं, काकडी नव्हती, काही नव्हतं! आणि तरी मी विळीकडे बघितलं की मला…”

“म्या कवा म्हनलं तुले?” इंदूबाईंचं मौन फुटलं. माळ खाली पडली. “म्या कवा म्हनलं वं? त्या दिशी तू काकडी मागतली व्हती. म्या कापून दिली असती त तुले ईळीवर बसा लागलं असतं का? माहा घुडघा दुखत व्हता. म्या उठली नाही. आयतं सांगून राह्यली दारातून! मंग कोन्या तोंडानं बोलू तुह्याशी?”

स्वरूपा बघतच राहिली. तिला सगळ्यांच्या नजरा वाचता येत होत्या. ही एकच राहून गेली होती.

“म्हणजे,” ती म्हणाली, “तुम्ही इतके दिवस… गुडघ्यामुळे?”

“तं काय!”

“मी काकडीमुळे आणि तुम्ही गुडघ्यामुळे?”

आधी कोण हसलं ते जुईलाच माहीत. हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. स्वरूपाचा ओठ हसताना थरथरत होता, आवरत नव्हता, आणि पोलक्याच्या आत काहीतरी मंदपणे उजळलं. पिवळं. मग हिरवट.

“बोल, बोल, थांबू नोको!” इंदूबाई ओरडल्या.

स्वरूपा बोलत सुटली. कॉलेजच्या सहलीत चिखलदऱ्याला जमवलेल्या पानांबद्दल, नितीननं लग्नाआधी पाठवलेल्या भिकार कवितांबद्दल, पेरूखालच्या कोरींबद्दल. ती दमली की इंदूबाई मध्येच तोंड घालून तिच्याशी वाद काढत, म्हणजे तिला उत्तर द्यावंच लागे. ऊन हळूहळू पुन्हा जाड झालं. रस्त्यावरून “दे दान, सुटे गिराण” अशी आरोळी आली, तेव्हा पिशवीवरचा दिवा पेरूच्या पानासारखा हिरवा होता.

लावणी झाली. स्वरूपा गाडीबाहेर उभी होती आणि इंदूबाई रखवालदाराला त्याच्या मिशांवरून बोलत होत्या. डॉक्टर बाहेर आल्या, मास्क उतरवला आणि फक्त म्हणाल्या, “धरलं.”

सूज ओसरली, टाके विरले. एका सकाळी इंदूबाई पाळण्यावर वाकून बडबडत असताना जुई हसली. आधी ओठाचा डावा कोपरा टुणकन वर गेला.

“पाह्य! माहं हाय!” इंदूबाईंनी टाळी वाजवली. “आता हे पोट्टी कोनाचं आयकत नाही!”

पण कोपरा तिथे थांबला नाही. सगळा ओठ रुंद होत गेला आणि शेवटी आवरेनासा होऊन थरथरला. ग्रहणातल्या दुपारसारखा.

“हे माझं,” स्वरूपा पुटपुटली.

तपासणीच्या वेळी तिनं डॉक्टरांना विचारलं, “अर्धं आईंचं, अर्धं माझं. मग हिचं स्वतःचं कोणतं?”

डॉक्टर नसरीन हसल्या. “ती भांडायला लागली की कळेल.” मग त्यांचं लक्ष समोरच्या पडद्याकडे गेलं आणि हसू मावळलं. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग होती. प्रत्येक ठिपका म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातलं एक ओठरोप. एक ठिपका काळा होता.

“सुगंती,” डॉक्टर म्हणाल्या. “मुलाच्या तापामुळे तिचं रोप उशिरा सुरू केलं. नवरा कामाला दूर गेलाय, ती मुलाला घेऊन रानातल्या खोपीवर राहायला गेली म्हणे. आमचा माणूस गावात जाऊन आला, खोप सापडली नाही. तिथे फोनला रेंज नसेल म्हणून ठिपका काळा असेल. किंवा…”

“किंवा बोलायला कोणी नसेल,” स्वरूपा म्हणाली. त्या दिवशी गाडीभर हशा पिकवणारी सुगंती तिला आठवली. अशी बाई गप्प होईल? पण इंदूबाईही झाल्याच होत्या की.

गाड्या अजून चार-आठ दिवसच जिल्ह्यात होत्या. संस्थेनं परिसरातल्या सगळ्या फोनवर पाठवायला स्वरूपाकडून सुगंतीसाठी एक निरोप मागितला. स्वरूपानं जुईला कडेवर घेतलं, दुपटं खांद्यावर टाकलं आणि फोन तोंडाशी धरला. तिचा ओठ थरथरत होता. थरथरू दिला.

“मी परतवाड्याची स्वरूपा भुयार बोलते. तुम्ही मोहाडोहच्या बाजूनं जाणार असाल, मोहाच्या रानातून, नाल्याच्या वाटेनं, तर एका खोपीवर जरा थांबा. सुगंती कासदेकर नावाची बाई आहे, गळ्यात पिशवी असेल, मांडीवर लेकरू. नेऊ काही नका. उंबऱ्यावर बसा आणि तिच्याशी भांडण काढा, गप्पा मारा, तिच्या नवऱ्याची निंदा करा. काहीही करा, पण तिला बोलतं करा. आणि मोहाडोह लांब पडत असेल, तर तुमच्याच गल्लीत बघा. बाळाच्या तोंडावर दुपटं ओढून चालणारी कोणीतरी असेल. शेवटचं कधी बोलली ती, आठवतं तुम्हाला? जरा बघून येता का तिला?”