लिंबू जरा जास्तच

पिशवीचा बंद तुटला आणि लिंबं टणाटण उड्या मारत जिन्यावरून खाली निघाली. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर नेमका तेव्हाच दार उघडून बाहेर आला.

"एवढी लिंबं? दात आंबतील हो," तो म्हणाला.

"दात माझे आहेत," ती फणकारली.

ती घरांचे नकाशे काढायची. रेघ केसभर हलली तरी तिला चालायचं नाही. आणि आज करायच्या कॉकटेलच्या, जुन्या मासिकातल्या कृतीत काय, तर 'लिंबाचा रस बेताने'! बेताने म्हणजे किती? संध्याकाळी ताई स्वतःच्या ऑफिसातल्या कुणाला तरी तिला दाखवायला घेऊन येणार होती. "एकदा भेट तर!" हा ताईचा हट्ट. वर त्याला परस्पर सांगूनही टाकलं होतं, की धाकटी कॉकटेल झकास करते.

लिंबं गोळा करता करता तिने हे सगळं डॉक्टरला वैतागून सांगितलं. तो लिंबं घेऊन वर आला तो आलाच. बाह्या सारून रस काढायला बसला. तिने जिन मोजली, संत्र्याचं लिकर ओतलं, अंड्याचा पांढरा बलक, बर्फ... हात भरून येईपर्यंत हलवलं. पहिला घोट आंबटढाण! दुसऱ्या खेपेला तर डोळ्यांत पाणीच.

"तुमच्या हाताला काही ताळतंत्र?"

"पुन्हा करू की," तो हसून म्हणाला. तिचा पारा चढला. पण गाल कशाने तापले — कळेना.

बर्फ घेऊन ती वळली, तर हा गुपचूप आणखी अर्धं लिंबू पिळतोय!

"हे काय चाललंय?"

"ते... जरा कमी वाटलं..."

"खरं बोला."

"त्या माणसाने एका घोटात पळ काढावा म्हणून!" तो एका दमात बोलून गेला. "वर्षभर जिन्यात तुमच्याशी काय बोलावं सुचत नाही. मग दातांवरच बोलतो."

"अरे मूर्खा! वर्षभर मला वाटतंय माझे दात वाकडे आहेत!"

"एक आहे... वरचा, डावीकडचा. मला फार आवडतो."

तिने कपाळाला हात लावला. मग फोन उचलला.

"ताई, आज कुणाला आणू नकोस... बरी आहे गं मी! नंतर सांगते."

फोन ठेवून तिने त्याच्या मुठीतलं लिंबू काढून घेतलं. "रस मी काढणार. तू फक्त हलव."

पेल्यात पांढराशुभ्र फेस उतरला. तिने एक घोट घेतला — आणि तोच पेला त्याच्या हातात दिला.